शिव्या कुणाला द्यायच्या?

माणसाला राहायला जसं घर लागतं, तसा शिव्या द्यायला एक माणूस लागतो. चाळीत होतो तेव्हा घरमालक होता. बँकेत हेड ऑफिस आहे. घरात, परमेश्वराच्या कृपेने, मी आहे. आणि २०१४ साली डोंबिवलीत एका सात मजली इमारतीच्या पाचव्या मजल्यावर आम्ही फ्लॅट घेतला, तेव्हा तिथली ही सोय खुद्द बिल्डरने करून ठेवली होती. जाहिरातीत ज्या सोयींचा उल्लेख होता त्या काही मिळाल्या नाहीत. जिचा उल्लेख नव्हता ती मात्र चार वर्षं अखंड मिळाली.

पाणी गेलं, बिल्डर. लिफ्ट अडकली, बिल्डर. जिन्यातला दिवा गेला, गच्चीवर कबुतरांनी संसार थाटला, पावसाळ्यात भिंतीवर ओल येऊन आफ्रिकेचा नकाशा उमटला, की बिल्डर. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींच्या भावाचं लग्न तीनदा मोडलं, तेव्हाही त्या म्हणाल्या होत्या, "पाहुणे आले आणि जिना पाहूनच परत गेले हो!" आमच्या इमारतीत अठ्ठावीस बिऱ्हाडं. गणपती पाच दिवसांचा की दीड दिवसाचा, यावरही त्यांचं कधी एकमत झालं नाही. पण संध्याकाळी खाली चार माणसं जमली आणि कुणीतरी "काय हा बिल्डर!" असं म्हणालं की मराठी, गुजराती, तमिळ सगळे एका सुरात बोलू लागत. राष्ट्रीय एकात्मतेवर सरकार एवढा खर्च करतं. प्रत्येक राज्याला एकेक बिल्डर दिला तरी काम भागेल.

आणि मग २०१८ साली आमची सोसायटी रजिस्टर झाली.

खरं म्हणजे ती फार आधी व्हायला हवी होती. महाराष्ट्रात फ्लॅटच्या मालकीसाठी १९६३ साली एक कायदा झाला. त्याला लोक प्रेमाने 'मोफा' म्हणतात. संस्था स्थापन करण्याइतके फ्लॅटधारक जमले की चार महिन्यांत बिल्डरने नोंदणीचा अर्ज करावा, अशी त्याची नियमावली सांगते. आमच्या बिल्डरचे चार महिने चार वर्षं चालले. महिना म्हणजे किती दिवसांचा, हे लिहायचं त्या नियमात राहून गेलं असावं. २०१६ च्या रेरा कायद्याने तर निम्म्याहून अधिक फ्लॅट बुक झाले की तीन महिन्यांत संस्थेची सोय करून द्या, असं बजावलं आहे. पण आमची इमारत त्याच्या आधीची. म्हणजे रेशनच्या रांगेत आपला नंबर येतो आणि साखर संपते, तशातली गत.

अखेर एका रविवारी सकाळी दहा वाजता बिल्डर स्वतः आला. आजवर त्याचं दर्शन आम्हांला फक्त भिंतीवरच्या फोटोत झालं होतं. त्याने पार्किंगमधल्या टेबलावर एक फाइल ठेवली, नकाशांची एक गुंडाळी ठेवली, मुदत संपलेलं पंपाचं गॅरंटी कार्ड ठेवलं आणि श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवला. डब्यात सदतीस किल्ल्या होत्या. कुठली कशाची, त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. (त्यातल्या नऊ किल्ल्या इमारतीतल्या कुठल्याच कुलपाला लागत नाहीत, हे आम्हांला पुढच्या महिन्यात कळलं. त्या बहुधा त्याच्या दुसऱ्या इमारतीच्या असाव्यात आणि तिथले लोक आमच्या किल्ल्या घेऊन बसले असावेत.) मग तो हात जोडून म्हणाला, "चला, आता तुमचं तुम्ही बघा!"

आणि हसत हसत निघून गेला. मालमत्ता हातची जात असताना इतका आनंदी झालेला माणूस मी पूर्वी पाहिला नव्हता. आम्ही तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पण आम्ही टाळ्या वाजवत होतो. पेढे वाटत होतो. पेढ्यांचे पैसे कुणी द्यायचे, हा स्वतंत्र सोसायटीपुढचा पहिला वाद ठरला.

कमिटी निवडताना मला खजिनदार केलं. कारण विचारलं तर म्हणाले, "तुम्ही बँकेत आहात ना!" दिवसभर टपाल वाटून आलेल्या पोस्टमनला संध्याकाळी पाय मोकळे करायला पाठवण्यासारखंच हे झालं. शिवाय मी बी.कॉम. आहे, हे मीच एकदा बढाई मारताना सांगून बसलो होतो. माणसाच्या पदव्या त्याच्या कामाला येत नाहीत, शेजाऱ्यांच्या येतात.

सोमवारी सकाळी पावणेसातला तिसऱ्या मजल्यावरून फोन आला. "अहो साहेब, पंप चालू होत नाहीये." मी डोळे चोळत सवयीने म्हणालो, "काय हा बिल्ड..." आणि शब्द तोंडातच राहिला. पंप आता बिल्डरचा नव्हता. पंप आमचा होता. जळलेलं कॉइल आमचं, कोरडी टाकी आमची आणि दात घासायला ताटकळलेली अठ्ठावीस बिऱ्हाडंही आमचीच. पहिल्यांदाच कळलं की शिवी ही सुद्धा एक भाडोत्री वस्तू असते. जागा मालकीची झाली की ती सोडून द्यावी लागते.

तुम्ही म्हणाल, यात एवढं तत्त्वज्ञान कसलं? पंप दुरुस्त करा आणि झोपा. पण वाचकहो, खजिनदाराला झोप नसते. मी विचार करत राहिलो. चाळीत आमच्या गॅलरीचा मालक एकच होता आणि तो गॅलरीकडे ढुंकूनही बघत नसे. तरी आई रोज सकाळी आमच्या दारापुढचा भाग धुऊन काढायची आणि वर शेजारच्या काकूंचाही थोडा ओला करायची, म्हणजे मग काकूंना तो धुवावाच लागे! इथे जिन्याचे मालक अठ्ठावीस आहेत, कागदोपत्री आहेत, आणि दुसऱ्या जिन्यावर पडलेलं केळ्याचं साल तीन दिवस तिथेच आहे. सत्ताविसांना वाटतं अठ्ठाविसावा उचलील. अठ्ठाविसावा गावाला गेलाय.

मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींची सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली उभी राहिली. श्रीपाद सुब्राव तालमकी यांचं नाव त्या कामाशी कायमचं जोडलं गेलं आहे. तिथे लोक आधी एकत्र आले आणि मग घरं झाली. आमच्याकडे आधी घरं झाली. लोक अजून एकत्र यायचे आहेत. आम्हांला 'सहकारी' कायद्याने केलं. प्रत्येकी पन्नास रुपयांचे दहा शेअर, शंभर रुपये प्रवेश फी, आणि सहाशे रुपयांत माणूस सहकारी! उपविधीत तर फार उदार विचार लिहिलेले असतात. लिफ्टचा खर्च इमारतीतल्या सगळ्यांनी सारखा द्यायचा, मग तो लिफ्टने जावो की न जावो. हे वाक्य पहिल्या सभेत मी वाचून दाखवलं तेव्हा पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "म्हणजे यांनी बसायचं आणि आम्ही पैसे द्यायचे?" सभेत गलका झाला. तळमजल्यावरचे आजोबा तेवढे गप्प होते. त्यांचं दार तर लिफ्टच्या दारासमोरच आहे. इतकी वर्षं ते लिफ्ट नुसती बघतात.

त्या आठवड्यात मी बिल्डरने दिलेले हिशेब घेऊन बसलो. फ्लॅट घेताना प्रत्येकाने देखभालीच्या अनामतीपोटी पंचवीस हजार रुपये दिले होते. अठ्ठावीस गुणिले पंचवीस हजार म्हणजे सात लाख. बिल्डरने आम्हांला चेक दिला होता चार लाख ब्याऐंशी हजारांचा. मधले दोन लाख अठरा हजार गेले कुठे? आता सापडलास, असं म्हणून मी पान उलटलं. 'किरकोळ खर्च : ६३,२००.' या किरकोळीवर मी तांबड्या पेन्सिलीने मोठं प्रश्नचिन्ह काढलं. आणि त्याखाली : 'रहिवाशांनी न भरलेली मासिक देखभाल, अनामतीतून वजा : १,५४,८००. यादी जोडली आहे.'

यादीत अकरा फ्लॅट होते. सातवं नाव माझं होतं.

सांगतो. काही लपवत नाही. २०१६ साली लिफ्ट बंद पडली. पाचव्या मजल्यापर्यंत गॅसचा सिलिंडर, दळण आणि मी, असे सगळे जिन्याने चढत होतो. बिल्डर फोन उचलेना. तेव्हा मी जाहीर केलं, "जोवर लिफ्ट नाही तोवर देखभालीचे बाराशे रुपये नाहीत!" जिन्यातच जाहीर केलं. दोघांनी पाठ थोपटली. ऑफिसात हा किस्सा मी निदान पंधरा वेळा सांगितला असेल. दरवेळी त्यात बिल्डर जरा जास्त घाबरायचा. अन्यायाविरुद्ध उभा राहिलेला माणूस म्हणून मी स्वतःकडे आदराने बघू लागलो होतो. आणि महिन्याला बाराशे वाचत होते, हेही होतंच.

लिफ्ट पाच महिन्यांनी सुरू झाली. यादीप्रमाणे माझा सत्याग्रह चौदा महिने चालला. पुढचे नऊ महिने मी लिफ्टमध्ये बसून अन्यायाचा निषेध करत होतो.

चौदा गुणिले बाराशे, सोळा हजार आठशे. बिल्डरने ते माझ्या एकट्याच्या अनामतीतून वजा केले नव्हते, सगळ्यांच्या मिळून असलेल्या सात लाखांतून काढले होते. मी कॅल्क्युलेटर घेतला. सोळा हजार आठशे भागिले अठ्ठावीस, बरोबर सहाशे. एक पैसा इकडे नाही की तिकडे नाही. बँकेत हिशेब असा जुळला की आम्ही चहा मागवतो. त्या रात्री चहा जाईना.

ही म्हणाली, "काय झालं?"

मी म्हणालो, "आपण बिल्डरचे पैसे बुडवले होते ना, ते बिल्डरचे बुडलेच नाहीत."

"मग कुणाचे बुडले?"

"सगळ्यांचे. घरटी सहाशे."

"आजोबांचेसुद्धा?"

मी यादी पुन्हा पाहिली. आजोबांचा फ्लॅट तिच्यात नव्हता. त्यांनी एक महिनाही चुकवला नव्हता. "आजोबांचेसुद्धा," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. ओटा पुसत राहिली. मग म्हणाली, "शेजारून वाटीभर साखर आणली तर परत देताना मी वाटी शिगोशीग भरून देते." एवढंच बोलून तिने दिवा घालवला. सभेत तिला बोलायला दिलं असतं तर सगळे उपविधी एका ओळीत संपले असते.

पण मी बी.कॉम. आहे. माणूस शिकलेला असला की त्याला सरळ रस्ता लगेच दिसत नाही. मी सहाव्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांकडे गेलो. यादीत त्यांचंही नाव होतं, त्यामुळे त्यांनी विषयाचा सखोल अभ्यास केलेला होता. ते म्हणाले, "हे बघा, देणं होतं ते बिल्डरचं. सोसायटी तेव्हा जन्मालाच आलेली नव्हती. जी जन्माला आली नाही तिचं देणं तुम्ही लागालच कसे?" मी खूश होऊन उठलो. मुद्दा बिनतोड होता.

दोन जिने उतरेपर्यंत तो टिकला. (एकच मजला उतरायचा होता, पण विचारात मी एक मजला खाली गेलो.) जी माणसं अजून जन्माला आलेली नाहीत त्यांचं देणं आपण लागत नाही? मग आपण दरमहा सिंकिंग फंड कशाला भरतो? बांधकाम खर्चाच्या दरसाल पाव टक्का निदान बाजूला ठेवायचा, का, तर पुढे कधीतरी इमारत म्हातारी होईल तेव्हा राहणाऱ्यांच्या कामी यावा म्हणून. ते राहणारे कोण असतील, आपल्याला माहीत नाही. त्यांतले निम्मे अजून पाळण्यातही नाहीत. आणि आपल्याकडे तर पितृऋण, ऋषिऋण सांगितलेली आहेत. गेलेल्यांचं कर्ज फेडता येतं आणि यायचे आहेत त्यांचं फेडता येतं, मग मधेच खाली राहणाऱ्या आजोबांचं तेवढं फेडता येत नाही?

राहता राहिला दुसरा प्रश्न. तो मला अजून पुरता सुटलेला नाही. लिफ्ट बंद होती ते पाच महिने तरी माझा राग खरा होता की नाही? खरा होता. बिल्डरने फसवलं होतं की नाही? फसवलं होतं. मग मी चुकलो कुठे? बसून बसून मला एवढंच सापडलं : फसवणाऱ्याला धडा शिकवताना तो धडा नेमका त्याच्यापर्यंत पोचतो की नाही, हे मी पाहिलं नाही. मी पत्र टाकलं बिल्डरच्या नावाने आणि पत्ता घातला शेजाऱ्यांचा. आणि नऊ महिन्यांबद्दल तर बोलायलाच नको. राग हा महिन्याच्या महिन्याला नूतनीकरण करायचा असतो. मी तो फिक्स्ड डिपॉझिटमध्ये ठेवला होता.

आजोबांना मी एकदा विचारलं, "तुम्ही त्या पाच महिन्यांत पैसे का भरलेत? सगळे तर बंद करत होते."

ते म्हणाले, "वॉचमन रोज येत होता ना."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. इतकी वर्षं बँकेत काढून मला जो ताळेबंद मांडता आला नाही तो त्यांनी उभ्या उभ्या मांडला होता.

दुसऱ्या दिवशी मी चेक लिहिला. सोळा हजार आठशे रुपये फक्त. सोसायटीचं पावतीपुस्तक कोरं करकरीत होतं, त्याचं उद्घाटन झालं. पावती क्रमांक एक. 'श्री.' पुढे माझं नाव, 'यांजकडून' मागील बाकीपोटी चेकने मिळाले, आणि खाली खजिनदार म्हणून सही, तीही माझीच. स्वतःकडून पैसे घेऊन स्वतःला पावती देताना मान कुठल्या बाजूला तुकवायची ते कळेना. मग उरलेल्या दहाजणांना पत्रं लिहिली. प्रत्येक पत्राला माझ्या पावतीची झेरॉक्स जोडली. तेवढा हक्क मी सोळा हजार आठशे रुपयांना विकत घेतला होता. बिल्डरलाही एक पत्र गेलं, त्याच्या किरकोळीचा तपशील मागणारं. शेजाऱ्यांचे फेडल्यावर ते लिहिताना हात जरा कमी थरथरला.

सहाजणांनी भरले. चारजण अजून अन्यायाविरुद्ध लढताहेत. त्यांत वकीलसाहेब आहेत.

सगळं मार्गी लागलं असं मात्र समजू नका. स्टिल्टमधलं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितलेलं आहे, तरी आमच्याकडे सातजणांकडे त्याच्या पार्किंगच्या पावत्या निघाल्या आणि गाड्या लावायला जागा निघाल्या पाच. आणि जमीन? ती अजून बिल्डरच्याच नावावर. फ्लॅट आमचे, भिंती आमच्या, पंप तर फारच आमचा. पण ज्या मातीवर हे सगळं उभं आहे ती त्याची! विश्वामित्राने त्रिशंकूला अधांतरी ठेवलं तेव्हा त्याच्याकडून निदान घराचा हप्ता तरी घेतला नव्हता. बिल्डरने जमीन नावावर करून दिली नाही तर सरकारने २००८ साली एक वाट काढून ठेवली आहे. तिचं नाव मानीव अभिहस्तांतरण. आमच्या सेक्रेटरींना ते एका दमात म्हणता येत नाही, म्हणून ते 'ते मोठं काम' म्हणतात. जिल्हा उपनिबंधकांच्या कार्यालयात अर्ज करायचा, कागद जोडायचे, मग राहिलेले कागद जोडायचे. तो श्रीखंडाचा डबा आणि नकाशांची गुंडाळी घेऊन आम्ही दोघं जातो. बिल्डरने त्या रविवारी हे हसत हसत का दिलं ते वाटेत रोज नव्याने समजतं.

परवा ऑफिसातून येऊन लिफ्टमध्ये शिरलो. आत दोघं नवे भाडेकरू होते, मला ओळखत नव्हते. एकजण म्हणाला, "अहो, दुसऱ्या मजल्यावरचा दिवा गेलाय, आठवडा झाला."

दुसरा म्हणाला, "इथला तो खजिनदार आहे ना, पैशाला हातच लावू देत नाही म्हणे. स्वतःच्या खिशातले असल्यासारखा वागतो."

"काय हो ही माणसं!"

"हो ना," मी म्हणालो, आणि सवयीने मानही डोलावली. पाचवा मजला आला. घरात शिरून आधी टॉर्च, स्टूल आणि नवा बल्ब घेतला. बल्बचे पैसे मांडायला वही उघडली, मग मिटली, आणि जिना उतरू लागलो.